फराहबाग पाहायची कशी? नगरच्या निजामशाही बागेचे अवशेष पाहणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

फराहबाग पाहायला आलेला प्रत्येक पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो : "अहो, पण इथे बाग कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. समोर दिसतो तो उजाड माळावरचा एक मोठा कोरडा हौद आणि त्याच्या मधोमध उभी काळपट, गिलावा उडालेली भलीमोठी इमारत. एक झाड त्या काळचं नाही, एक ताटवा नाही. माणसं पंधरा मिनिटं फिरतात, कमानीत उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. मी नगरमध्ये वाढले. शाळेच्या सहलीत मीही अशीच पंधरा मिनिटांत ही जागा 'पाहिली' होती, आणि पुढे कित्येक वर्षं मला वाटत होतं की इथे बघण्यासारखं काही नाही.

ते मत बदललं ते नंतर, पुन्हा पुन्हा गेल्यावर. ही बाग फुलांची कमी आणि पाण्याची जास्त होती. कमी पावसाच्या मुलखात, माळरानावर, दुरून पाणी आणून त्याचा तलाव करायचा आणि त्या तलावात महाल तरंगता ठेवायचा, हा तिचा सगळा थाट. म्हणून इथे पाण्याच्या मागोमाग चाललात तर बाग दिसते, इमारतीच्या मागे लागलात तर नुसते दगड दिसतात. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

जाण्याआधी : तीन माणसांची ओळख

इतिहासाचं सगळं पुस्तक वाचून जायची गरज नाही. तीन नावं माहीत असली की पुरे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. 1490 मध्ये मलिक अहमदने भिंगारजवळ बहामनी फौजेचा पराभव केला, स्वतंत्र निजामशाही उभारली आणि त्याच परिसरात सीना नदीच्या काठी अहमदनगर वसवलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. बोलताना आम्ही आजही नुसतं 'नगर' म्हणतो, इथेही तेच म्हणते.) मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण, नातू हुसेन आणि पणतू मुर्तजा. हुसेनच्या काळात 1565 ची तालिकोटची लढाई झाली, विजयनगरची अफाट लूट नगरला आली. त्याच वर्षी हुसेन गेला आणि मुर्तजा गादीवर बसला. चांदबिबी ती याचीच बहीण.

आता तीन नावं. पहिलं, मुर्तजा निजामशहा. दुसरं, त्याचा वजीर चंगीजखान. 1574 मध्ये वऱ्हाड निजामशाहीला जोडलं गेलं ते याच्या कर्तबगारीवर. फराहबागेचं काम यानेच सुरू केलं असं मानतात. पण दरबारात कुणीतरी राजाचे कान भरले की चंगीजखान वऱ्हाडात स्वतंत्र व्हायच्या बेतात आहे. मुर्तजाने त्याला विष घालवलं. तो निर्दोष होता हे मागाहून कळलं आणि राजा इतका खचला की त्याने लोकांसमोर येणंच सोडलं. महिनोन् महिने तो महालांत, बागांत कोंडून घेऊन राहू लागला. लोकांनी त्याला 'दिवाणा' म्हणायला सुरुवात केली.

तिसरं नाव सलाबतखान. राजाच्या या एकांतवासात राज्य सावरलं ते याने. फराहबागेबद्दल सांगतात ते असं : चंगीजखानानंतर नियामतखान नावाच्या अधिकाऱ्याने काम पुढे नेलं, पण राजाला ते पसंत पडलं नाही. त्याने केलेलं काम पाडायला लावलं आणि नव्याने बांधायची जबाबदारी सलाबतखानावर टाकली. 1583 मध्ये महाल पुरा झाला. दिल्लीहून आलेल्या आणि राजा ज्याला फत्तेशाह म्हणायचा अशा एका गायक कलावंताबरोबर मुर्तजा इथे बुद्धिबळ खेळत बसायचा, त्याच्यासाठी बागेत लकडमहाल नावाचा वेगळा महालही बांधला होता, असंही सांगितलं जातं.

या कहाणीचा शेवट भयंकर आहे. मुर्तजाने आपल्याच मुलाच्या, मिरान हुसेनच्या, अंथरुणाला आग लावून त्याला मारायचा प्रयत्न केला. मुलगा वाचला आणि 1588 मध्ये उलटून आला. त्याने बापाला हमामखान्यात कोंडलं, खाली जाळ वाढवला आणि मुर्तजा गुदमरून मेला. फिरिश्ता हा इतिहासकार तेव्हा मुर्तजाच्या चाकरीत, पहाऱ्यावर होता. मिरान हुसेन त्याचा सहाध्यायी, म्हणून त्याला जीवदान मिळालं आणि म्हणून ही हकिगत आपल्यापर्यंत आली.

हे सगळं आधी सांगते, कारण 'फराह' म्हणजे आनंद, आणि आनंदबाग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नाचगाणी येतात. ही बाग मात्र एका अपराधी, घाबरलेल्या माणसाच्या लपण्याची जागाही होती. चारही बाजूंनी पाणी आणि आत जायला एकच वाट. तिथे उभं राहिल्यावर ही रचना मला नुसती सौंदर्यासाठी केलेली वाटत नाही.

केव्हा जावं

नगर पर्जन्यछायेत येतं. वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मार्च ते मे या महिन्यांत इथे जाऊ नका. एकदा आईला मे महिन्यात दुपारी बाराला घेऊन गेले, तर हौदाला अर्धा वळसा होण्याआधीच तिला भोवळ आली. आसपास सावली म्हणून नाहीच, महालाच्या आत पोहोचेपर्यंत डोक्यावर ऊन.

सगळ्यात चांगला काळ सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी. माझी स्वतःची पसंती पावसाळा संपता संपताच्या दिवसांना, कारण तेव्हा खोलगट भागात थोडं पाणी साचलेलं सापडू शकतं, आणि त्या डबक्यात महालाचं तुकडाभर प्रतिबिंब दिसलं तरी पूर्ण भरलेल्या तलावाची कल्पना करता येते. त्या दिवसांत गवत मात्र गुडघाभर असतं, पायाखालचं दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलेलं, कपड्यांना कुसळं चिकटतात, पण हौदाचा तळ आणि कडा स्पष्ट दिसतात. पहिल्यांदाच जात असाल तर डिसेंबर-जानेवारी निवडा.

वेळ सकाळी लवकरची. सूर्य तिरपा असताना उरलेल्या गिलाव्यावरची नक्षी उठून दिसते, भरदुपारी तीच भिंत सपाट दिसते. संध्याकाळही चांगली, पण अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं हे आधीच ठरवून जा.

कसं पोहोचायचं

पुण्याहून नगर साधारण 120 किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहूनही जवळपास तितकंच. दोन्ही बाजूंनी एसटीची वर्दळ भरपूर आहे. रेल्वेने यायचं तर नगर दौंड–मनमाड मार्गावर आहे. शिर्डीला जाणाऱ्यांनी वाटेत अर्धा दिवस काढला तरी हे पाहून होतं.

फराहबाग शहराच्या आग्नेयेला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लष्करी छावणीच्या हद्दीजवळ आहे. रिक्षावाल्याला 'फराहबक्ष महाल' सांगितलंत तर तो गोंधळेल. 'फऱ्याबाग' म्हणा. तरी कळलं नाही तर 'टँक म्युझियम' म्हणा, ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि बाग त्याच भागात आहे. परत यायला रिक्षा लगेच मिळत नाही, म्हणून जाऊन-येऊन भाडं ठरवा आणि थांबायचे पैसे त्यात आधीच बोलून घ्या. दीड ते दोन तास लागतील असं सांगा. रिक्षावाले 'अर्ध्या तासात होईल की' म्हणतात. ऐकू नका.

लष्कराचा परिसर असल्याने सोबत आधार किंवा दुसरं ओळखपत्र ठेवा. कुणी जवानाने थांबवून चौकशी केली तर सरळ सांगा की महाल पाहायला आलो आहोत. लष्करी इमारती, फाटक, वाहनं यांचे फोटो काढायचे नाहीत आणि ड्रोन तर आणायचाच नाही.

सोबत काय घ्यावं

माणशी एक लिटर पाणी, कारण तलावात बांधलेल्या या महालाजवळ आज प्यायचं पाणी मिळेल या भरवशावर जाण्यात अर्थ नाही. पाय झाकणारे बूट आणि पूर्ण लांबीची विजार, कारण वेड्या बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात. एक विजेरी घ्या. मोबाइलचा उजेड कोनाड्यांत पुरतो, पण घुमटापर्यंत पोहोचत नाही. टोपी, वही-पेन्सिल, आणि असेल तर लहानशी दुर्बीण, वरच्या भागातलं चुन्याचं काम पाहायला.

अत्तर किंवा उग्र वासाचं तेल लावून जाऊ नका. जुन्या उंच कमानींखाली आग्या मोहोळ असण्याची शक्यता नेहमीच धरायची. मोहोळ दिसलं तर त्या बाजूला आवाज, धूर, फ्लॅश काही नाही. मुकाट्याने दुसऱ्या बाजूने जायचं.

पहिला टप्पा : आत शिरू नका, हौदाला वळसा घाला

इथेच बहुतेकांचं चुकतं. महाल दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. थांबा. आधी हौदाच्या काठाकाठाने एक पूर्ण प्रदक्षिणा घाला. सावकाश, अर्धा तास लावून.

चालताना एका बाजूची पावलं मोजा. मग तीच दुसऱ्या बाजूची. हौद चौकोनी आहे हे नकाशात पाहून जे कळतं, ते पायांनी मोजल्यावर अंगात उतरतं. मग काठावर उभं राहून मनात पाणी भरा. तळापासून काठापर्यंत. महालाचा चौथरा कुठवर बुडेल, कुठवर वर राहील, हे नजरेने ठरवा. पाणी स्थिर असेल तर महालाची उंची दुप्पट दिसणार, एक सुलटा महाल आणि एक उलटा. दख्खनच्या उन्हात हौदावरून येणारा वारा गार होऊन थेट दालनांत शिरणार. तेव्हाचं वातानुकूलन ते हेच.

वळसा घालताना प्रत्येक बाजूच्या मध्यावर थांबून महालाकडे बघा. चारही दिशांना मधोमध एक उंच कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन मजल्यांत लहान कमानी, अशी मांडणी दिसेल. इमारतीचे चारही कोपरे छाटलेले आहेत, त्यामुळे ती चौकोनी असूनही अष्टकोनी भासते. म्हणूनच कुठूनही पाहिलं तरी तिला 'मागची बाजू' नाही. पाण्यात उभ्या असलेल्या इमारतीला मागची बाजू असून चालत नाही, कारण पाहणारा कोणत्याही काठावर असू शकतो.

हा आराखडा नगरचा शोध नाही. इराण आणि मध्य आशियात याला 'हश्त बिहिश्त' म्हणतात, म्हणजे आठ स्वर्ग : मध्ये घुमटाचं दालन आणि त्याभोवती आठ खोल्या. तबरीझमध्ये पंधराव्या शतकात याच नावाचा महाल होता. निजामशाहीचा इराणशी जवळचा संबंध. शाह ताहिर हा इराणी विद्वान बुऱ्हाणच्या दरबारात आला आणि त्याच्या प्रभावाने बुऱ्हाणने शिया पंथ स्वीकारला. माणसांबरोबर कल्पनाही आल्या.

नगरमध्ये तुम्हाला कुणीतरी हमखास सांगेल की शहाजहानने हा महाल पाहिला आणि त्यावरून ताजमहाल बांधला. मला नगरचा अभिमान कमी नाही, पण हे मला पटत नाही. दिल्लीची हुमायूनची कबर फराहबागेच्या आधीच, 1570 च्या सुमारास उभी राहिली होती आणि तिच्यातही हाच आठ खोल्यांचा आराखडा आहे. ताज आणि फराहबाग ही एकाच घराण्यातली भावंडं म्हणता येतील. फराहबागेला मोठं व्हायला ताजच्या नावाचा आधार लागत नाही.

दुसरा टप्पा : बांधावरून महालाकडे

आता आत जायची वाट धरा. भरलेल्या हौदातून महालाकडे नेणारा हा एकच बांध होता. त्याच्या मध्यावर उभे राहा आणि दोन्ही बाजूंच्या खोलीकडे बघा. एवढ्या अरुंद वाटेवर मोजके पहारेकरी उभे केले की राजापर्यंत कुणी पोहोचू शकत नव्हतं. चंगीजखानाची गोष्ट आठवायची असेल तर ती इथे आठवा.

उंच कमानीखाली पोहोचलात की मान वर करा. कमानीच्या आतला हा खोलगट, पुढून उघडा भाग म्हणजे ऐवान. धड बाहेरही नाही आणि आतही नाही, अशी बसायची जागा. समोर पाणी, डोक्यावर सावली. इथे पाच मिनिटं बसा. खरंच बसा. ही इमारत बसून पाहण्यासाठी बांधलेली आहे, चालत पाहण्यासाठी नाही.

भिंतींकडे जवळून बघा. घडीव दगडांचं गुळगुळीत बांधकाम अपेक्षित असेल तर निराशा होईल. बराचसा भाग ओबडधोबड दगड आणि चुन्याचा आहे. हे गरिबीचं लक्षण नव्हे. सगळी शोभा वरच्या चुनेगच्चीत होती : गुळगुळीत, पांढरी, नक्षीची. आज जे काळं दिसतं ते तेव्हा उन्हात लखलखत असणार आणि पाण्यात पांढरं उतरत असणार. गिलाव्याचे तुकडे अजून कोपऱ्याकोपऱ्यांत, कमानींच्या पोटात शिल्लक आहेत. ते शोधणं हा इथला मोठा आनंद आहे. बोटांनी मात्र चाचपू नका. चार शतकं टिकलेला चुना एका बोटाच्या दाबाने सुटून हातात येऊ शकतो.

भिंतींत आडव्या खाचा आणि चौकोनी भोकं दिसतील. पुष्कळ जण त्यांना बंदुकीच्या जंग्या समजतात. अशी खाच दिसली की आधी लाकडाचा विचार करा. जुन्या बांधकामात दगडी भिंतींतून लाकडी तुळया घालत. काळाच्या ओघात लाकूड कुजतं, जळतं किंवा लोक उपसून नेतात आणि त्याच्या जागी पोकळी राहते. वरची भिंत मग अधांतरी होते. म्हणून अशा पोकळीच्या बरोबर खाली उभं राहू नका आणि मुलांना तर अजिबात उभं करू नका.

तिसरा टप्पा : घुमटाखाली

ऐवानातून आत शिरलं की मधलं घुमटाचं दालन. पहिलं काम : काहीच करू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. दुसरं काम : वटवाघळांची जाणीव ठेवा. टॉर्च थेट वर मारला की ती भिरभिरतात. आधी भिंतींवर उजेड टाका, मग हळूहळू वर न्या.

दालनाच्या बरोबर मध्यावर उभे राहा आणि स्वतःभोवती फिरा. चारही दिशांना चार ऐवान, प्रत्येकातून पूर्वी पाणीच दिसत असणार. ज्या राजाला लोकांच्या नजरा नकोशा झाल्या होत्या, त्याला इथून फक्त पाणी आणि आकाश दिसायचं. मला या दालनात दरवेळी मुर्तजाची कीव येते आणि लगेच चंगीजखान आठवतो. दोन्ही भावना बरोबर घेऊनच मी इथून बाहेर पडते.

एक टाळी वाजवा. एकच. नाद वर जाऊन कसा परततो ते ऐका. इथे गाणं झालं असेल तर कसं ऐकू येत असेल याचा अंदाज येतो. सोबत गाणारं कुणी असेल तर त्यांना हलक्या आवाजात नुसता षड्ज लावायला सांगा. मोहोळ नसल्याची खात्री केल्यावरच.

मग कोपऱ्यांतल्या खोल्या बघा. वरच्या मजल्याकडे जाणारा जिना दिसला आणि वाट मोकळी दिसली तरी माझा सल्ला स्पष्ट आहे : वर जाऊ नका. मी लहानपणी गेले होते, आज जाणार नाही. पायऱ्या झिजलेल्या, कठडा नाही, छताचा भरवसा नाही. खालून जे दिसतं त्यात पोटभर पाहण्यासारखं आहे.

भिंतींवर कोरलेली नावं आणि बाण मारलेली हृदयं दिसतील. चीड येते. राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाची नासधूस हा गुन्हा आहे, त्यासाठी कैद आणि दंड दोन्ही होऊ शकतात. तुमच्यासमोर कुणी कोरत असेल तर शांतपणे टोका. बहुतेक वेळा मुलं ओशाळून थांबतात, हा माझा अनुभव आहे.

चौथा टप्पा : पाणी आलं कुठून?

आता पुन्हा बाहेर, काठावर या. हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो.

सीना नदी शहराच्या पश्चिमेला आहे आणि शहरापेक्षा खाली. तिचं पाणी इथवर चढवणं सोपं नव्हतं. म्हणून निजामशाही कारागिरांनी उलटा विचार केला. पूर्व-उत्तरेच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, म्हणजे वरच्या अंगाला, जमिनीत झिरपलेलं पाणी विहिरींत धरायचं आणि जमिनीखालच्या नहरांतून, भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून उताराने खाली आणायचं. मोट नाही, बैल नाही, नुसता उतार. उतार जास्त झाला तर नळ फुटतो, कमी झाला तर गाळ बसतो, आणि हा हिशेब कित्येक मैल सांभाळायचा. कपूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार अशा गावांकडून येणाऱ्या पंधरा-एक नहरांचं जाळं नगरभोवती होतं. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास, म्हणजे दगडी बांधणीचे उभे मनोरे किंवा विहिरीसारखी तोंडं. त्यांतून हवा निघून जायची, पाण्याचा दाब आवरला जायचा आणि गाळ काढायला माणूस खाली उतरायचा.

काठावर उभं राहून पूर्वेकडच्या उंचावट्याकडे बघा आणि पाणी कोणत्या अंगाने हौदात उतरत असेल याचा अंदाज बांधा. आसपासच्या मातीत खापराचे गोलाकार तुकडे दिसले तर जिथल्या तिथे राहू द्या, फोटो काढा, उचलू नका. आणि मग बाग कशाने गेली हेही लक्षात येतं. 1600 मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, 1636 पर्यंत निजामशाही संपली. खापरी नळ दरवर्षी साफ करावे लागतात, फुटला तर त्याच दिवशी सांधावा लागतो. तो करणारा आणि त्याला पगार देणारा, दोघेही गेले की तलाव एका-दोन उन्हाळ्यांत आटतो. झाडं त्यानंतर फार दिवस टिकत नाहीत.

मुलांना घेऊन जाताना

मुलांना इतिहासाची व्याख्यानं देऊ नका. पावलं मोजायचं काम त्यांना द्या, चुन्याचा सगळ्यात मोठा शिल्लक तुकडा कोण शोधतं याची पैज लावा. वहीत हौद आणि महाल वरून कसे दिसतील ते काढायला सांगा. माझ्या भाचीने तिच्या चित्रात हौदात मासे आणि एका कमानीत एकटा बसलेला राजा काढला होता. तिला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की राजाला कुणाला भेटायचं नव्हतं. पायाखाली विंचू-साप असू शकतात, म्हणून दगड उलटायचे नाहीत आणि पुढे मोठ्या माणसाने चालायचं, हे दोन नियम मात्र निक्षून.

उरलेला दिवस

जवळचं टँक म्युझियम वेगळ्याच आवडीचा विषय आहे. मुलं खूश होतात, तेव्हा तासभर तिथे द्या.

बागेचा धागा पुढे न्यायचा असेल तर शहराच्या उत्तरेला, सावेडीच्या बाजूला हश्त बिहिश्त बागेचे अवशेष आहेत. ही फराहबागेपेक्षा जुनी. पहिल्या अहमद निजामशहाने, म्हणजे मलिक अहमदनेच, 1506 च्या सुमारास 'फैजबक्ष' नावाने ती सुरू केली, बुऱ्हाणने वाढवून नाव बदललं. इथला हौद अष्टकोनी. अवस्था फराहबागेहून वाईट आहे आणि झाडोरा दाट, म्हणून एकट्या-दुकट्याने जाऊ नका आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांना विचारून, 'काका, महालाकडे जायला वाट आहे का?' असं म्हणूनच पुढे व्हा. फराहबाग पाहून झाल्यावरच इथे यावं. आधी इथे आलात तर झुडपांत नक्की काय शोधायचं ते कळणार नाही.

शहराच्या पश्चिम अंगाला बागरोजा आहे, अहमद निजामशहाची काळ्या दगडातली देखणी कबर. तिच्याबाहेर एका हत्तीची कबर दाखवतात : गुलामअली, तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला ज्याने पकडलं तो हत्ती. फराहबागेत जे नाही ते, म्हणजे घडीव दगडातलं निजामशाही कसब, इथे आणि किल्ल्याजवळच्या दमडी मशिदीत पाहायला मिळतं.

दिवसाचा शेवट चांदबिबी महालावर करा. पाथर्डी रस्त्याने पूर्वेला दहा-बारा किलोमीटर, शाहडोंगराच्या माथ्यावर, वरपर्यंत गाडी जाते. नाव चांदबिबीचं असलं तरी ही कबर आहे सलाबतखानाची. 1589 च्या सुमारास तो गेला, म्हणजे राजाच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात. तीन मजली, अष्टकोनी, साधी आणि भक्कम. सकाळी ज्याने पुरा केलेला महाल पाहिलात, संध्याकाळी त्याच्याच कबरीपाशी उभं राहायचं, हा क्रम मी मुद्दाम ठेवते.

सूर्य मावळायच्या तासभर आधी वर पोहोचा. वारा जोराचा असतो, तेव्हा अंगावर काहीतरी घ्या. पश्चिमेला नगर शहर पसरलेलं दिसतं. किल्ल्याची झाडी ओळखा, तिथून नजर डावीकडे, छावणीच्या मोकळ्या माळाकडे न्या. फराहबाग त्या बाजूला. तुम्ही उभे आहात तो डोंगर उंच आहे आणि इथून शहराकडे जमीन हळूहळू उतरत जाते. पाणी याच उताराने गेलं होतं.